चुन्याची निवळी: प्रवाळांच्या टाकीसाठी कॅल्शियम हायड्रॉक्साइडची भुकटी

कठीण सांगाड्याची प्रवाळे वाढवणाऱ्यांसाठी कॅल्शियमची जी अनेक उत्पादने मिळतात, त्यांत ‘काल्कवासर’ या नावाने विकली जाणारी पांढरी भुकटी सर्वांत साधी आहे आणि मध्यम आकाराच्या टाकीसाठी मला तीच सर्वांत भरवशाची वाटते. डब्यावर काहीही छापलेले असो, आत शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे चुनाच असतो. तो आरओ-डीआय (गाळून क्षार आणि आयन काढून टाकलेल्या) पाण्यात ढवळून, गाळ खाली बसू देऊन, वरची निवळी थेंबाथेंबाने टाकीत सोडायची, एवढाच त्याचा वापर.

या भुकटीचे खरे मोल कळण्यासाठी प्रवाळ कॅल्शियमचे काय करते हे आधी पाहावे लागते. समुद्राच्या पाण्यात एका लिटरमागे सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातला मुख्यतः बायकार्बोनेट आणि कार्बोनेटचा साठा, सुमारे ७ डीकेएच (ती मोजण्याचे एकक) असते. प्रवाळाच्या तळाकडच्या पेशी ऊती आणि सांगाडा यांच्यामधल्या अरुंद फटीत कॅल्शियम ओढून घेतात आणि त्या बदल्यात हायड्रोजनचे आयन बाहेर काढतात. त्यामुळे तिथला पीएच वाढतो आणि कॅल्शियम कार्बोनेट अ‍ॅरागोनाइट या स्फटिकरूपात थरावर थर साचत जाते. म्हणजे सांगाड्याला एकटे कॅल्शियम पुरत नाही, त्याच्या जोडीला कार्बोनेटही हवे, आणि तेही ठरलेल्या प्रमाणात: लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम खर्च झाले की अल्कलिनिटी २.८ डीकेएचने उतरते. त्यामुळे भरपाई न केलेल्या टाकीत अल्कलिनिटी ७ वरून ४.२ वर घसरलेली असताना कॅल्शियम मात्र ४२० वरून जेमतेम ४०० वर आलेले दिसते. केवळ कॅल्शियमची टेस्ट किट वापरणाऱ्याला सारे आलबेल वाटते आणि प्रवाळाची वाढ मात्र खुंटलेली असते. या छंदातली सर्वांत महागात पडणारी गैरसमजूत हीच आहे, असे माझे ठाम मत आहे.

चुन्याच्या निवळीतून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी नेमक्या याच प्रमाणात मिळतात. कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम बायकार्बोनेट अशा दोन बाटल्यांच्या पद्धतीतही प्रमाण साधता येते. मात्र तिच्यात सोडियम आणि क्लोराइड मागे उरून खारटपणा हळूहळू वाढत राहतो. निवळीमागे असे काही उरत नाही. शिवाय तिच्यातले हायड्रॉक्साइड पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, त्यामुळे बंद खोलीतल्या टाकीचा रात्री घसरणारा पीएच सावरतो. म्हणून मी निवळी दिवे मालवल्यानंतर सोडतो.

मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. एका लिटर पाण्यात ही भुकटी सुमारे १.५ ग्रॅमच विरघळते. अधिक टाकली तर ती गाळ होऊन तळाशी बसते. २०० लिटरच्या टाकीत अशी एक लिटर संपृक्त निवळी गेली, तर कॅल्शियम लिटरमागे सुमारे ४ मिलिग्रॅमने आणि अल्कलिनिटी अर्ध्या डीकेएचहून किंचित जास्त वाढते. जेवढे पाणी वाफ होऊन जाते तेवढीच निवळी देता येत असल्यामुळे ॲक्रोपोरा या कठीण प्रवाळाने गच्च भरलेल्या टाकीला ती एकटी पुरणार नाही. आधीच खूप खाली गेलेले कॅल्शियम वर आणण्यासाठीही ती उपयोगाची नाही; त्यासाठी कॅल्शियम क्लोराइडच हवे. मॅग्नेशियम कमी झाले की कॅल्शियम कार्बोनेट सांगाड्याऐवजी हीटरवर आणि पंपांवर साचू लागते, पण मॅग्नेशियमची उणीव या भुकटीतून भरून निघत नाही. ते वेगळे मोजून लिटरमागे १,३०० मिलिग्रॅमच्या आसपास राखावे लागते. टाकीत केवळ मऊ प्रवाळे असतील, तर नियमित पाणी बदलणे पुरेसे असते आणि हा डबा घेण्याचे कारणच उरत नाही.

निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय डबा उघडू नये आणि भुकटी उडून श्वासात जाऊ देऊ नये. फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीनुसार पंप चालू-बंद करणारा तरंगता खटका) अडकून सारी निवळी एकदम टाकीत गेली तर पाणी पांढरे होते आणि पीएच धोक्याच्या पातळीवर जातो. म्हणून ती सोडणारा पंप संथ असावा आणि एका वेळी भांड्यात मोजकीच निवळी ठेवावी. भांडे उघडे राहिले, तर दुधावर साय धरावी तशी निवळीवर पातळ पापुद्र्याची खपली धरते. ती कॅल्शियम कार्बोनेटची असते आणि जेवढी खपली धरते तेवढा निवळीचा जोर कमी होतो. तळाचा गाळ ढवळून टाकीत सोडू नये, कारण भुकटीतली काही अशुद्ध द्रव्ये त्यातच अडकून राहतात.

मी वापरत असलेल्या डब्याबद्दल माझी एक तक्रार आहे: त्याचे झाकण घट्ट बसत नाही, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ही भुकटी निकामी होत असल्यामुळे हा दोष किरकोळ नाही. चमचाभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये चिमूटभर भुकटी टाकून पाहावी. भरपूर बुडबुडे आले, तर तिचे बरेचसे कार्बोनेट झालेले आहे. नवा डबा आणल्यावर भुकटी मी लगेच रबरी कडेच्या बरणीत काढून ठेवतो. वेष्टनावरची ‘रोज इतके चमचे’ ही सूचनाही मला पटत नाही. अल्कलिनिटी सलग काही दिवस एकाच वेळी मोजून, टाकीचा रोजचा खर्च काढून, मगच मात्रा ठरवावी, कारण दोन सारख्या आकाराच्या टाक्यांचा खर्चही त्यांतल्या प्रवाळांनुसार कित्येक पटींनी वेगळा असू शकतो.