‘दोन घनमीटर’ कशाचे? गोबर गॅसच्या पावतीतली मेख

इंदूरजवळच्या सांवेरच्या बाजूला शेती असलेल्या एका मराठी घराची पावती समोर आहे. तिच्यावर एवढंच लिहिलंय: ‘२ घनमीटर बायोगॅस संयंत्र, शेगडीसह, ३२,००० रु. सबसिडीची जबाबदारी आमची.’ खाली शिक्का आहे, सही नाही. तीन महिन्यांत त्या घरात सिलेंडर परत आला आणि संयंत्र म्हणून बसवलेला फुगा गोठ्यामागे लोळत पडला. एजंट अस्खलित मराठी बोलणारा होता. ‘काकू, तुम्ही आपल्यातल्या म्हणून हा भाव.’ दिवसभर हिंदी-माळवी ऐकणाऱ्या कानांना असं मराठी गोड लागतं, आणि पावती नीट वाचायची राहून जाते.

मेख ‘घनमीटर’ या शब्दात आहे. गोबर गॅसच्या धंद्यात २ घनमीटरचं संयंत्र म्हणजे दिवसाला २ घनमीटर गॅस देणारं संयंत्र. त्या घराला मिळाला तो फुगाच मुळी २ घनमीटर आकाराचा, म्हणजे २,००० लिटरचा. शब्द एकच, पण माल तिपटीने कमी.

हिशेब करून पाहा. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ०.०४ घनमीटर, म्हणजे ४० लिटर गॅस होतो. २ घनमीटरसाठी रोज ५० किलो शेण आणि तितकंच पाणी, एकूण १०० लिटर रबडी. माळव्याच्या हवेत ती आत ४० दिवस मुरावी लागते, म्हणून रबडीलाच ४,००० लिटर जागा हवी. गॅसची जागा त्याच्या वर, वेगळी. २,००० लिटरच्या फुग्यात वरचा पाव भाग गॅसला सोडला तर रबडीला १,५०० लिटर उरतात. भागिले ४०, म्हणजे रोज ३७ लिटर रबडी, साधारण १८ किलो शेण. गॅस पाऊण घनमीटरच्याही थोडा खाली. तासाला ०.४५ घनमीटर खाणाऱ्या शेगडीवर तो जेमतेम दीड तास पुरतो. सहा माणसांच्या दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला पावणेदोन-दोन घनमीटर लागतो.

यापुढची चूक घरच्यांच्या माथी मारली गेली. ‘गॅस कमी येतोय? शेण वाढवा.’ त्यांनी रोज ५० किलो घातलं. १,५०० लिटरच्या जागेत १०० लिटर रोज ढकलली की रबडी पंधरा दिवसांत बाहेर. गॅस करणारे जिवाणू वाढायच्या आतच वाहून जातात, बाहेर येते ती अर्धकच्ची, वासाची, माश्या बोलावणारी रबडी. गॅस आणखी घटतो. शेण कालवायचं काम घरातल्या बायकांच्या अंगावर असतं, तेव्हा पहिला नकारही त्यांचाच येतो आणि तो वाजवी आहे. गल्लीत असा एक मेलेला फुगा पडला की आजूबाजूची दहा घरं पुढची कितीतरी वर्षं गोबर गॅसचं नाव काढत नाहीत. लोक मागासलेले आहेत असं म्हणणाऱ्यांनी आधी तो फुगा मोजावा.

मोजायला फक्त टेप लागते. रिकामा फुगा जमिनीवर सपाट पसरा, रुंदी घ्या, तिला ०.६४ ने गुणा: हा झाला व्यास. व्यास गुणिले व्यास गुणिले लांबी गुणिले ०.७८५, सगळं मीटरमध्ये, की आकारमान आलं. सपाट रुंदी १.५७ मीटर आणि लांबी अडीच मीटर असेल तर ते २ घनमीटरला किंचित कमी भरतं. पैसे द्यायच्या आधी हे करा, एजंटच्या देखत.

एजंटच्या माहितीपत्रकावर इंदूरच्या देवगुराडियाच्या प्रकल्पाचा फोटो होता. तो २०२२ मध्ये सुरू झालेला, दिवसाला ५५० टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प. गोठ्यामागच्या फुग्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, पण इंदूरकराला अभिमानाचा फोटो दाखवला की प्रश्न कमी येतात. दुसरी गोष्ट जनावरांच्या मोजणीची. एजंट वासरंही धरतो. तुम्ही फक्त दावणीला बांधलेली मोठी जनावरं धरा, प्रत्येकी सुमारे दहा किलो शेण. चरायला जाणाऱ्यांचं अर्धं शेण रानातच राहतं.

पहिल्या दोन-तीन दिवसांत ज्योत पेटवून दाखवली तर नळीचं दुसरं टोक कुठे जातंय ते आधी बघा. नव्या भरणीतून जळण्याजोगा गॅस यायला दोन-तीन आठवडे लागतात. सुरुवातीच्या गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, तो पेटत नाही, सोडून द्यावा लागतो. विक्री उन्हाळ्यात होते तीही उगाच नाही. जमिनीवरचा फुगा डिसेंबर-जानेवारीत गारठतो, गॅस घटतो, आणि तक्रारीला उत्तर तयार असतं: ‘सर्दी है’.

सबसिडीचं प्रकरण वेगळं आणि जास्त घातक. केंद्राच्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात १ ते २५ घनमीटरच्या संयंत्रांना आकार आणि प्रदेशानुसार ९,८०० ते ७०,४०० रुपये साह्य ठरलं होतं. तिथे घनमीटर म्हणजे रोजचा गॅस, मॉडेल मंजूर यादीतलं हवं, आणि पैसे संयंत्र चालू झाल्यावर. त्यामुळे ‘सबसिडी मिळवून देतो, आधी फाइलचे पैसे द्या’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक), पासबुकची झेरॉक्स आणि मोबाइलवरचा ओटीपी एकाच माणसाच्या हाती दिला, तर तुमच्या नावावर कागदोपत्री संयंत्र उभं राहू शकतं. मग खरा अर्ज अडकतो. योजना आज चालू आहे का, हे जिल्ह्याच्या कृषी कार्यालयात स्वतः विचारा. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी, कोणाला, तारीख.

विटा-सिमेंटच्या पक्क्या घुमटाच्या संयंत्रात, म्हणजे ‘दीनबंधू’ मॉडेलमध्ये, चोरी वेगळ्या जागी होते. २ घनमीटरच्या घुमटाला साधारण १,००० विटा आणि १४ पोती सिमेंट लागतं, म्हणून पोती स्वतः मोजून घ्या. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खड्ड्याच्या तळाची माती आणखी फूटभर काढून मुरूम ठोकला नाही, बाजूची भरणी मुरुमाच्या थरांनी केली नाही, तर घुमट आणि पाया जिथे जुळतात तिथे तडा जातो. आतून गिलाव्याचे थर आणि रंग नसला तर गॅस विटांतूनच झिरपतो. शेण भरण्याआधी पाणी भरा, पातळीची खूण करा, २४ तासांनी बघा. जोड साबणाच्या फेसाने तपासा, काडी पेटवून नाही. आणि कोणीही, कितीही घाई असो, वापरलेल्या टाकीत उतरू नये. आतल्या वायूने माणूस ओरडायच्या आत पडतो.

फसलेच असाल तर फुगा फेकू नका, तोच पुरावा आहे. टेप लावून फोटो काढा, पावती आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप जपा. ग्राहक हेल्पलाइन १९१५, ओटीपी किंवा ऑनलाइन पैशांचा मामला असेल तर लगेच १९३०. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं. तोवर त्याच फुग्यात रोज १८ किलोच शेण आणि तितकंच पाणी घाला, काडीकचरा नको. महिन्या-दीड महिन्यात तो सावरतो. दोन वेळचा स्वयंपाक होणार नाही, पण सकाळचा चहा, दूध आणि एक भाजी निघते.