टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? संत्र्याच्या बगीच्यात दोन्ही ग्रास कटर वापरल्यानंतर

मशीन घ्यायला गेलं की दुकानदार आधी सीसी सांगतो. ५२ सीसी म्हटलं की गिऱ्हाईक खूश, ३१ म्हटलं की तोंड वाकडं. माझ्याकडे सध्या दोन्ही आहेत. ५२ सीसीची टू-स्ट्रोक आधीपासूनची, ३१ सीसीची फोर-स्ट्रोक मागच्या मृगाच्या तोंडावर घेतलेली. दोन्हींचं इंजिन चायनाचं, त्यामुळे ब्रँड सांगण्यात अर्थ नाही. स्टिकर बदलतं, आतलं इंजिन तेच असतं.

काम कुठलं ते सांगतो, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. वरुडकडचा संत्र्याचा बगीचा, काळी जमीन, दोन ओळींत १८-२० फूट जागा. आखाडापासून भादव्यापर्यंत तरोटा, गाजर गवत आणि कुंदा थांबायचं नाव घेत नाहीत. निंदायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर सोयाबीनवाले आधी घेऊन जातात. आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बोरी, घाणेरी, बाभळीची पोरं.

आधी ताकदीचं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा. म्हणजे त्याच सीसीत टू-स्ट्रोकने दुप्पट ताकद द्यायला पाहिजे. देत मात्र नाही. ताजं मिश्रण आत येतं तेव्हा धूर जायची खिडकीही उघडीच असते, त्यामुळे बरंचसं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. मागे उभं राहिलं की कच्च्या पेट्रोलचा वास येतो तो त्याचाच. तरीही ५२ आणि ३१ मध्ये फरक आहेच, आणि तो धुऱ्यावर कळतो. अंगठ्याएवढ्या बोरीला दातांचं ब्लेड लावलं की टू-स्ट्रोक एका दमात कापते. फोर-स्ट्रोक तिथे अडखळते, दोन-तीनदा मागे घेऊन परत लावावी लागते.

बगीच्यात मात्र उलट झालं. नायलॉन दोरी लावून गुडघाभर ओलं गवत कापताना टू-स्ट्रोकला सतत पूर्ण रेस द्यावी लागते. रेस कमी झाली की दम तोडते. फोर-स्ट्रोक अर्ध्या-पाऊण रेसवरही गवत ओढून नेते. तिचा आवाज जाड आहे, केकाटत नाही. टू-स्ट्रोक दुपारपर्यंत चालवली की हाताला इतक्या मुंग्या येतात की चहाचा कप धरवत नाही. आमचा सालदार तर आता बगीच्यासाठी टू-स्ट्रोकला हातच लावत नाही. "भाऊ, ते केकाटनारी कायले देता, ते लहानीच द्या न मले," असं सरळ सांगतो. वजनाला दोन्ही जवळपास सारख्याच, तरी त्याच्या लेखी ती 'लहानी'च.

दोरीबद्दल एक गोष्ट. खोडाजवळ वीतभर गवत हाताने काढा. दोरी असो की ब्लेड, संत्र्याची साल सोलली गेली की तिथून डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, शिरतो. पावसाळ्याआधी खोडाला बोर्डो मलम लावायचं आणि भर पावसात मशीनने त्याच खोडाची साल काढायची, हे काही बरोबर नाही. फोर-स्ट्रोक कमी रेसवर चालत असल्यामुळे झाडाजवळ हात आवरता येतो, हा मला तिचा सगळ्यात मोठा फायदा वाटला. दुकानात तो कोणी सांगत नाही.

आता खर्च. पेट्रोल शंभराच्या वर आहे, तेव्हा हिशेब लागतोच. माझी टू-स्ट्रोक भरपूर कामात तासाला लिटरभर पिते, फोर-स्ट्रोक साधारण ६०० मिली. पण एवढ्यावर भुलू नका. टू-स्ट्रोक तेवढ्या वेळात जास्त जागा साफ करते, त्यामुळे एकरामागचा फरक तासामागच्या फरकाएवढा मोठा नाही. खरा फरक ऑइलचा आहे. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. माझ्या मशीनला १:२५ लागतं, म्हणजे लिटरभर पेट्रोलमागे ४० मिली. ५० तासांच्या कामाला दोन लिटर टू-टी ऑइल गेलं. फोर-स्ट्रोकच्या पोटात १०० मिलीच्या आसपास ऑइल मावतं आणि ५० तासांनी तेवढंच बदलायचं. नव्या मशीनचं पहिलं ऑइल मात्र दहा तासांतच काढून टाका. ते काळं निघतं आणि उन्हात धरलं की त्यात बारीक चकाकी दिसते. चांगल्या कंपनीच्या टू-स्ट्रोकला १:५० चालतं, तिथे ऑइल निम्म्यावर येतं. पण १:२५ च्या मशीनला ऐकीव सल्ल्यावर १:५० घालू नका.

जुनी टू-स्ट्रोक लुना वापरलेल्या माणसाला ऑइल मिसळायचं शिकवावं लागत नाही. नव्या पोरांना लागतं. शेजारच्या वावरात एकाने घाईत मोटारसायकलमधलं साधं पेट्रोल काढून टू-स्ट्रोकमध्ये ओतलं, आणि पिस्टन सिलिंडरला धरून बसला. म्हणून आमच्याकडे टू-स्ट्रोकचं पेट्रोल वेगळ्या लाल कॅनमध्ये, आधीच मिसळून ठेवलेलं असतं. फोर-स्ट्रोकमध्ये ही भानगड नाही, पण तिचा धोका वेगळा आहे. टू-स्ट्रोकचं ऑइल दर टाकीला आठवतं, कारण त्याशिवाय टाकी भरताच येत नाही. फोर-स्ट्रोकचं ऑइल कोणी बघतच नाही. सकाळी ऑइल मोजायची काडी काढून बघायला मिनिटही लागत नाही, तरी आठवण मलाच करून द्यावी लागते.

तिला ठेवायचीही पद्धत आहे. टू-स्ट्रोक कशीही भिरकावून दिली तरी चालते. फोर-स्ट्रोक कोठ्यात उलटी टेकवून ठेवली की ऑइल सिलिंडरमध्ये नाहीतर एअर फिल्टरमध्ये उतरतं, आणि सकाळी स्टार्टची दोरी ओढली की पांढऱ्या धुराचा लोट. काम करताना काही इंजिनं वाटेल त्या कोनात चालतात, होंडाचं जीएक्स ३५ त्यातलंच. पण ठेवताना मशीन कंपनीने सांगितल्याप्रमाणेच ठेवावी.

टू-स्ट्रोकचं दुखणं म्हणजे काजळी. पोळ्यानंतर माझ्या मशीनची रेसच चढेना. कार्बोरेटर खोलायच्या आधी सायलेन्सरच्या तोंडाची बारीक जाळी काढली, तर ती डांबरासारख्या काळ्या थराने बुजलेली. गॅसवर लाल करून तारेच्या ब्रशने घासली आणि मशीन पहिल्यासारखी चालू लागली. ऑइल जास्त ओतणाऱ्यांच्या मशीनला हे हमखास होतं. जास्त ऑइल म्हणजे जास्त आयुष्य, असं नसतं.

इथेनॉलच्या पेट्रोलचा त्रास दोन्हींना आहे. पंपावर आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं, मिळतं. ते टाकीत राहिलं की हवेतलं पाणी ओढतं आणि कार्बोरेटरमधला रबरी पडदा कडक होतो. पाणी फार झालं तर इथेनॉल आणि पाणी खाली बसतं, ऑइल वर पेट्रोलमध्ये राहतं. टू-स्ट्रोकने तो खालचा थर ओढला म्हणजे इंजिन बिनऑइलचं चाललं. हंगाम संपला की टाकी रिकामी करून, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची. आठवडाभर पुरेल एवढंच पेट्रोल मिसळायचं.

दुरुस्तीत टू-स्ट्रोक अजून पुढे आहे. गावातला कोणीही मिस्त्री ती खोलून बसवतो. फोर-स्ट्रोकला व्हॉल्व्ह असतात, त्यांच्या टॅपेटची फट बघावी लागते, आणि त्यासाठी फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, असलेला माणूस मला तालुक्याच्या गावीच मिळाला.

एकच घ्यायची असेल आणि काम बगीच्याचं असेल, तर मी फोर-स्ट्रोकच घेईन. धुरेच जास्त असतील, किंवा मशीन भाड्याने चार हातांतून फिरणार असेल, तर टू-स्ट्रोक, आणि लाल कॅन आपल्या ताब्यात. दुकानदार सोबत वखरायची जोडणी फुकट देतो म्हणून ३१ सीसीवाल्यांनी भुलू नये. पावसाच्या उघडिपीत आमच्या काळ्या मातीत ती लावून पाहिली. चार हात गेली नाही तोच दातांना मातीचे गोळे धरले आणि क्लच तापून वास यायला लागला. ती जोडणी आता कोठ्यात खुंटीला टांगलेली आहे, कोणाला रेताड जमिनीसाठी पाहिजे असेल तर घेऊन जा.