जुन्या पल्सर 150 ची झिजलेली डिस्क प्लेट: बदलल्यानंतर काही महिन्यांचा अनुभव

पुढची 240 मिमीची प्लेट बदलल्यावर एक अख्खा पावसाळा आणि हिवाळा उलटला. रोजचं शहर, अधूनमधून घाट. ब्रेक अजूनही एकसारखा लागतो, लिव्हरला ठोके नाहीत. यातलं निम्म्याहून जास्त श्रेय हबच्या (चाकाचा मधला भाग, जिथे प्लेट बसते) सफाईला आणि कॅलिपरच्या (प्लेटवर पॅड दाबणारा भाग) पिनांना आहे. नुसती प्लेट बदलून चाक परत चढवलं, तर जुन्या गाडीवर तोच त्रास पुन्हा सुरू होतो.

प्लेट खरंच संपली आहे का, हे आधी मोजावं. किमान जाडी प्लेटवरच कोरलेली असते. या वर्गातल्या गाड्यांवर नवी प्लेट साधारण 4 मिमी असते आणि शेवटची मर्यादा त्याहून जेमतेम अर्धा मिमी खाली. म्हणजे घासायला जागा फार थोडी. इथे व्हर्निअर हमखास फसवतो: पॅड बाहेरच्या काठापर्यंत पोचत नाहीत, तो काठ जाड राहतो, व्हर्निअर त्यावर टेकतो आणि संपलेली प्लेट चांगली दिसते. मायक्रोमीटर वापरावा. नसेल तर दोन्ही बाजूंना एकसारखी नाणी धरून मोजावं आणि नाण्यांची जाडी वजा करावी. माप गोलाकार पाच-सहा ठिकाणी घ्यायचं. ब्रेक दाबल्यावर हाताला ठोके लागले की ‘प्लेट वाकली’ असं सरसकट सांगितलं जातं, पण बऱ्याचदा ती वाकलेली नसून कमी-जास्त झिजलेली असते. मिलिमीटरच्या काही शतांशांचा फरकही लिव्हरवर जाणवतो. भोकांच्या मध्ये बारीक तडा दिसला तर माप कितीही येवो, प्लेट काढून टाकावी.

टर्नरकडे देऊन प्लेट लेथवर साफ करून घ्यायचा सल्ला मिळतो. मोटरसायकलवर तो घेऊ नये. जो अर्धा मिमी हाताशी आहे तोच लेथ खातो, आणि पातळ प्लेट घाटात लवकर तापते.

बोल्ट थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून बसवलेले असतात. अ‍ॅलन की अर्धवट बसवून जोर लावला की डोकं गुळगुळीत होतं आणि मग ड्रिल करावं लागतं. खाच आधी साफ करायची, सॉकेट हातोडीने ठोकून पूर्ण आत बसवायचं, बोल्टला हॉट एअर गनने ऊब द्यायची. गॅसची ज्योत नको, शेजारीच बेअरिंगचं सील असतं. परत बसवताना बोल्ट नवे, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक, समोरासमोरचे बोल्ट टप्प्याटप्प्याने, टॉर्क (आवळण्याचा जोर) मॅन्युअलमध्ये दिलेला.

हबची बैठक हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. तिथे गंजाचा पापुद्रा किंवा चाक रंगवताना चढलेला रंग राहिला, तर नवी सरळ प्लेटसुद्धा फिरताना डोलते. बारीक पॉलिश पेपरने धातू उघडा करावा, प्लेट बसवून डायल गेज (प्लेट किती डोलते ते मोजणारं काट्याचं उपकरण) लावावा. बहुतेक मॅन्युअलमध्ये डोलण्याची मर्यादा 0.1 ते 0.3 मिमीच्या दरम्यान असते. जास्त आलं तर प्लेट एक भोक पुढे फिरवून पुन्हा पाहावं. अनेकदा तेवढ्यानं काम होतं. नव्या प्लेटवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं. पेट्रोल, डिझेल नको, त्यांचा थर मागे राहतो.

पॅडही सोबत नवेच. जुन्या पॅडवर जुन्या प्लेटच्या रेघा उमटलेल्या असतात, त्यामुळे सुरुवातीला ते उंचवट्यांवरच टेकतात. सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड पावसात लगेच पकडतात, पण त्यांच्यासाठी न बनवलेली प्लेट लवकर खातात. इथे ऑरगॅनिक (तंतू आणि रेझिनचे, मऊ) ठेवले. मुसळधार पावसात पहिल्या दाबाला पकड किंचित उशिरा येते, एवढी तडजोड मान्य असावी.

आता पिना. या कॅलिपरला पिस्टन एकाच बाजूला असतो; पिनांवर सरकूनच कॅलिपर दुसरा पॅड दाबतो. पिन अडकली की एक पॅड संपतो, दुसरा नवाच राहतो आणि प्लेट तापत राहते. पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावावं. साध्या ग्रीसने रबर फुगतं. पिस्टन मागे ढकलण्याआधी त्याची उघडी बाजू पुसून घ्यावी, नाहीतर चिखल सीलमध्ये जातो. मास्टर सिलेंडरवरही (हँडलवरची ब्रेक ऑइलची डबी) लक्ष ठेवावं, वर चढलेलं ब्रेक ऑइल सांडलं तर टाकीचा रंग जातो.

पहिल्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर 50 वरून 15 पर्यंत वेग उतरवायचा, असं पंधरा-वीस वेळा, मध्ये थंड होऊ देत. गरम पॅड दाबून गाडी उभी धरायची नाही. तिथे पॅडचा ठसा उमटतो आणि ठोके सुरू होतात.

इतक्या महिन्यांनी काठावर नख फिरवलं तर उंचवटा जेमतेम लागतो. दोन्ही पॅड सारखे झिजलेत, आणि कॅलिपर नीट सरकतोय याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही. पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या प्लेटवर तांबूस थर येतो, पहिल्या दोन-तीन ब्रेकमध्ये निघून जातो. थोडी कुरकुर ओल्या सकाळी असते. पावसाळा संपताना पिना उघडल्या तेव्हा एकीचं ग्रीस धुऊन गेलेलं होतं, कारण तिचं रबर जुनंच ठेवलं होतं. प्लेट मागवताना पिनांचा रबर सेटही मागवावा. प्लेटच्या किमतीपुढे तो अगदी स्वस्त आहे.