सेल किती दिवस पुरतील? नागपुरातल्या घरासाठी बिनतारी अलार्म निवडताना

खोक्यावर ‘बॅटरी १ वर्ष’ असं ठळक छापलेलं होतं. त्रिमूर्तीनगरच्या आमच्या घरी पुढच्या दाराच्या वायफाय सेन्सरनं पाचव्या महिन्यातच मान टाकली, तीही आम्ही कुलूप लावून पुण्याला गेलो असताना. मागच्या दाराचा झिगबी सेन्सर (झिगबी म्हणजे कमी विजेवर चालणारा, वायफायहून वेगळा रेडिओ) त्याच दिवशी बसवला होता, आणि तो अजून पहिल्याच बटन सेलवर चालतोय. मागचं दार कमी उघडतं हे खरं, पण एवढा फरक तेवढ्यानं पडत नाही.

फरक पडतो तो रेडिओमुळे. दार उघडलं की वायफाय सेन्सर झोपेतून उठतो, राऊटर शोधतो, जोडणी करतो, सर्व्हरला निरोप देतो आणि मग झोपतो. यात तीन-चार सेकंद जातात आणि तेवढा वेळ साधारण १०० मिलिअँपिअर वीज ओढली जाते. रिमोटच्या छोट्या सेलमध्ये १,००० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास साठा असतो, म्हणजे नऊ हजारांच्या आसपास निरोप. घरात दूधवाला, कामवाली, मुलं, कुरिअर मिळून दार दिवसाला ३० वेळा उघडलं आणि तितक्याच वेळा लागलं, तर ६० निरोप झाले. भागाकार केला की पाच महिनेच येतात. कंपनी खोटं बोलत नाही, फक्त तिच्या हिशेबातलं घर फारच शांत असतं.

झिगबीचा निरोप काही मिलिसेकंदांत जातो. सीआर२०३२ या बटन सेलमध्ये जेमतेम २२० मिलिअँपिअर-तास असतात, तरी तो दीड-दोन वर्षं सहज ओढतो. पण झिगबीला हब लागतो, म्हणजे सेन्सरचे निरोप गोळा करणारी डबी, आणि हब दूर असेल तर मधे निरोप पुढे पोचवणारा रिपीटर. रिपीटर म्हणून लोक स्मार्ट प्लग लावतात. लाईट गेली की तो प्लग बंद पडतो आणि त्याच्या भरवशावरचे सेन्सर नवा रस्ता शोधत सेल जाळतात. उन्हाळ्यात आपल्याकडे लाईट कशी जाते ते सांगायला नको. हब, राऊटर आणि हे प्लग इन्व्हर्टरच्या लाईनवर घेता येत असतील तरच झिगबीचा विचार करा.

तिसरा पर्याय म्हणजे पॅनलसकट, म्हणजे अलार्मच्या मुख्य पेटीसकट येणारा किट. त्याचे सेन्सर ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, भारतात विनापरवाना वापरता येणाऱ्या पट्ट्यात बोलतात आणि त्यात बहुधा सीआर१२३ए हा जाड लिथियम सेल असतो, साठा १,५०० च्या घरात. कमी फ्रिक्वेन्सी भिंती जास्त चांगल्या ओलांडते, म्हणून महाल भागातल्या जाड भिंतींच्या जुन्या घरांना हा बरा. किट महाग, आणि सेलही बटन सेलच्या कितीतरी पट किमतीचा. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळत नाही, बर्डीच्या बाजारात जावं लागतं. अमेरिकेतल्या भाच्यानं आणलेला किट मात्र लावू नका. तिथला ९०२ ते ९२८ चा पट्टा आपल्याकडे मोकळा नाही, त्यात मोबाईलची वाहतूक चालते.

हालचाल टिपणाऱ्या पीआयआर सेन्सरबद्दल माझं मत जरा कडू आहे. तो अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतला फरक पाहतो. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, बंद घराची भिंतच ३७-३८ अंशांवर गेली की माणूस तिच्यात विरघळतो. उलट कूलरसमोरचा हलता पडदा किंवा सेन्सरच्या भिंगावरून गेलेली पाल त्याला हमखास दिसते, आणि अशा प्रत्येक खोट्या जागरणात सेल खर्ची पडतो. एकच लावायचा असेल तर आतल्या पॅसेजमध्ये, कूलरकडे पाठ करून लावा. दारं-खिडक्यांचे चुंबकी सेन्सर आधी, हा नंतर.

बॅटरीवाला कॅमेरा घ्यायचा मोह सगळ्यांना होतो, कारण वायर ओढायची नाही. पण रस्त्याकडे तोंड असेल तर प्रत्येक स्कूटर त्याला उठवते, रात्री इन्फ्रारेड दिवे लागतात, आणि ‘सहा महिने’ वाली बॅटरी काही आठवड्यांत संपते. सोलर पॅनल लावून सुटका होईल असं वाटतं. पण लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा दंडक आहे, आणि मे महिन्यात आपल्याकडे हवाच ४५ ला टेकते. पश्चिमेच्या भिंतीवरचा प्लास्टिकचा डबा तर त्याच्याही वर जातो. चांगला कॅमेरा अशा वेळी चार्जिंग थांबवतो, म्हणजे ऊन भरपूर आणि बॅटरी रिकामी. गेटवर वायरचाच कॅमेरा बसवा, एकदा भिंत फोडावी लागली तरी.

पूर्ण वायरवाल्या अलार्ममध्ये सेन्सरला सेल नसतात, पॅनलमध्ये १२ व्होल्टची ७ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी असते. तीही उष्णतेनं लवकर म्हातारी होते, पण सगळ्या घरात बदलायची वस्तू एकच. नवं बांधकाम चालू असेल, बेसा किंवा मनीषनगरकडे प्लॅस्टर व्हायचं असेल, तर मी दुसरा विचारच करणार नाही.

राहत्या फ्लॅटला झिगबी, भाड्याच्या घरालाही तोच, कारण उचलून नेता येतो. वायफाय सेन्सर फक्त क्वचित उघडणाऱ्या जागी, म्हणजे गच्चीचं दार किंवा स्टोअर रूम.

सेल घेताना दोन गोष्टी बघा. चार्जिंगचे पेन्सिल सेल १.२ व्होल्टचे असतात, त्यामुळे पुष्कळ सेन्सर पहिल्या दिवसापासून ‘लो बॅटरी’ ओरडतात. आणि लिथियम सेलचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतं, म्हणून अॅपमध्ये ९० टक्के दिसत असताना आठवड्याभरात तो मरू शकतो. टक्के बघू नका, बदलल्याची तारीख स्केचपेननं सेन्सरच्या पाठीवर लिहा. उतरलेले बटन सेल लगेच मुलांच्या हाताबाहेर टाका. गिळला तर अन्ननलिका जळते.

आम्ही आता गावाला जायच्या आठवडाभर आधी पुढच्या दाराचे सेल बदलतो, जुन्यांत जीव असला तरी. ते मग टीव्हीच्या रिमोटमध्ये जातात.