मुंबई ते न्यूयॉर्क: थेट, दुबईमार्गे की लंडनमार्गे?

आई-बाबांचं अमेरिकेचं तिकीट काढताना आपण आधी भाडं बघतो, मग एकूण तास. किलोमीटर बघितले तर मात्र आश्चर्य वाटतं. मुंबई ते जेएफके (न्यूयॉर्कचा विमानतळ) हे सर्वांत जवळचं हवाई अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर. लंडनमार्गे ते साधारण १२,७५० होतं, दुबईमार्गे १२,९५०. म्हणजे वळसा अर्ध्या तासाचाही नाही. वेळ खातं ते उतरणं, ताटकळणं आणि पुन्हा चढणं.

थेट विमानाला जाताना सोळा तासांच्या आसपास लागतात. येताना वारा पाठीशी असतो, त्यामुळे दीड-दोन तास वाचतात. रात्री दोनला मुंबईहून सुटलेलं विमान सोळा तासांनी उतरतं, तेव्हा उन्हाळ्यात तिथे त्याच दिवशीचे सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून एअर इंडियाच्या वेळा बदलत आल्या आहेत. म्हणून जुन्या अनुभवावर न जाता तिकिटावरचे तास वाचा.

दुबईमार्गे भाडं पुष्कळदा कमी असतं, वेळाही सोयीच्या मिळतात. पण थांबा फार लवकर येतो. मुंबई-दुबई जेमतेम तीन तास, अजून पाय आखडलेलेही नसतात, आणि पुढे सलग चौदा तास बसायचंच. मधला थांबा धरून वीस-एकवीस तास सहज होतात, आणि गुडघ्यांना आराम असा मिळतच नाही. लंडनचा थांबा प्रवासाच्या मधोमध पडतो: आधी साडेनऊ-दहा तास, मग आठ. ज्यांना दीर्घकाळ बसवत नाही, त्यांच्यासाठी मला हाच मार्ग बरा वाटतो. फक्त हिथ्रोला टर्मिनल बदलावं लागणार का, ते आधी बघा आणि हातात तीन तास तरी ठेवा.

पहिल्यांदाच जाणाऱ्या, इंग्रजीत बोलायला बिचकणाऱ्या आई-बाबांना मी थेट विमानच सुचवेन. जास्तीचे पैसे त्यांच्या निर्धास्तपणासाठी मोजायचे. व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच नोंदवा. ती घेऊन येणारा माणूस त्यांना इमिग्रेशनच्या रांगेतूनही सोबत नेतो, हा फार मोठा आधार असतो. अबुधाबीमार्गे गेलं तर अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स अबुधाबीतच उरकतं, हाही विचार करण्याजोगा पर्याय आहे.

मुलगी किंवा मुलगा डॅलस-ह्यूस्टनकडे असेल तर मात्र हिशेब उलटतो. थेट विमानाने न्यूयॉर्कला उतरलात की बॅगा ताब्यात घ्यायच्या, कस्टम्समधून न्यायच्या, पुन्हा जमा करायच्या आणि दुसरं विमान गाठायचं. त्यापेक्षा दुबईहून डॅलस किंवा ह्यूस्टनचं सरळ विमान घ्या. बॅगा मुंबईत दिल्या की शेवटच्या गावीच हाती येतात. त्यासाठी तिकीट मात्र एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये, काढलेलं हवं.