'डीलर्स ऑफ लाइटनिंग' वाचलं, आणि झेरॉक्सला येडं ठरवणाऱ्यांशी माझं भांडण आहे

मायकल हिल्ट्झिकचं हे पुस्तक १९९९ चं, म्हणजे तसं जुनंच, पण आमच्या रत्नागिरीतल्या वाचणाऱ्या मंडळींत या पावसाळ्यात ते हातोहात फिरतंय आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, की काय येडी कंपनी होती, हातात सोनं आलेलं आणि दिलं टाकून. मला हे अजिबात पटत नाही. पुस्तक नीट शेवटपर्यंत वाचलं तर लेखकालाही ते पटत नाही असं स्पष्ट दिसतं, शेवटचं अख्खं प्रकरण त्याने याच प्रश्नावर खर्च केलंय, पण तिथपर्यंत जातो कोण! म्हणून म्हटलं सविस्तर लिहावं.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. झेरॉक्स कंपनीने १९७० मध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टोला एक संशोधन केंद्र काढलं, त्याला सगळे पार्क म्हणतात. कॉपी मशीनवर बक्कळ पैसा येत होता, १९५९ मध्ये आलेल्या ९१४ नावाच्या मशीनने कंपनीचं नशीबच पालटलं होतं, पण उद्या ऑफिसातला कागदच कमी झाला तर विकायचं काय ही धास्ती होतीच. मग तिथे बॉब टेलर आला. हा आधी अमेरिकी संरक्षण खात्याच्या आर्पा या संशोधन विभागात होता, इंटरनेटचं मूळ असलेल्या अर्पानेटची सुरुवात त्याच्याच पुढाकाराने झालेली, स्वतः शिकलेला मानसशास्त्र, इंजिनिअर नाही की पीएचडी नाही, पण कोणाच्या डोक्यात काय आहे हे ओळखण्यात एकदम पक्का. त्याने देशभरातून हुशार पोरं गोळा केली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत तिथून आल्टो कॉम्प्युटर निघाला, खिडक्या उघडणारा स्क्रीन निघाला, कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारं इथरनेट निघालं, लेझर प्रिंटर निघाला, स्क्रीनवर दिसतं तस्संच कागदावर उतरवणारं टायपिंग निघालं. माउस मात्र तिथला नाही, तो डग्लस एंगलबार्टचा, त्याने १९६८ मध्येच तो भर सभेत दाखवला होता.

आता आमच्यातली मतं. एक पोरगा आहे, पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो, त्याने पुस्तक हातात आल्या आल्या स्टीव्ह जॉब्सचं प्रकरण काढलं, वाचलं आणि निकाल दिला की अॅपलने चोरी केली, विषय संपला. अरे पण त्याच प्रकरणात लिहिलंय ना की चोरी नव्हती, सौदा होता! डिसेंबर १९७९ मध्ये जॉब्स आणि त्याची माणसं पार्कमध्ये आली, त्याच्या बदल्यात झेरॉक्सला अॅपलचे एक लाख शेअर बाजारात यायच्या आधी घेता आले, साधारण दहा लाख डॉलरला. आतली अॅडेल गोल्डबर्ग भांडली, की हे दाखवू नका, आपलं सगळं जाईल, वरून हुकूम आला तेव्हा तिने दाखवलं. आणि बघून गेल्यावर अॅपलच्या लोकांना सगळं स्वतः नव्याने लिहावं लागलं, त्यांचा लिसा नावाचा कॉम्प्युटर यायला १९८३ उजाडलं, तो ९,९९५ डॉलरचा, चालला नाही, मग १९८४ ला मॅकिंटॉश २,४९५ ला आला. बघणं आणि लोकांच्या खिशाला झेपेल असं बनवणं यात चार वर्षं गेली, ही चार वर्षं विसरून चालत नाही.

पण माझ्या मते पुस्तकाचा जीव जॉब्समध्ये नाहीच आहे. तो गॅरी स्टार्कवेदरमध्ये आहे. हा झेरॉक्सच्या न्यूयॉर्क राज्यातल्या वेबस्टरच्या लॅबमध्ये होता, लेझरने कागदावर छापता येईल असं म्हणायला लागला तर साहेबाने सांगितलं की हे बंद कर, लेझर महाग, उपयोग काय. हा ऐकेना. शेवटी १९७१ मध्ये बदली करून घेऊन पार्कला आला आणि कंपनीचंच एक कॉपी मशीन घेऊन त्यात लेझर बसवला. मशीन चालतं कसं तर ड्रमवर विजेचा भार असतो, फिरणाऱ्या पैलूदार आरशावरून लेझरचा किरण ड्रमवर ओळ ओळ धावतो, जिथे अक्षर तिथे टोनर, म्हणजे शाईची पूड, चिकटतो, तो कागदावर उतरतो आणि गरम रोलरखाली पक्का होतो. अडचण आरशाची होती. आरशाचा एक पैलू जरा इकडेतिकडे झाला की छापलेली ओळ वरखाली होणार, आणि इतके अचूक आरसे घडवायचे तर खर्च परवडणार नाही. याने मध्ये एक साधी सिलिंड्रिकल लेन्स टाकली, आरशाची चूक लेन्सने सावरली, काम झालं. हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला, इतका आनंद मला या असल्या पुस्तकात क्वचित मिळालाय.

आमच्या ग्रुपात तहसील कचेरीजवळ झेरॉक्सचं दुकान असलेला एक दादा आहे, सातबारा, उत्पन्नाचे दाखले, शाळेच्या अॅडमिशनची कागदपत्रं, जूनमध्ये त्याच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. त्याला इंग्रजी वाचायला वेळ लागतो पण हे प्रकरण त्याने अक्षर न् अक्षर वाचलं. त्याचं म्हणणं असं, की आरसा न् लेन्स ठीक आहे, पण कागदाबद्दल लेखकाने लिहायला हवं होतं. आपल्याकडे पावसात रिम उघडी राहिली की कागद ओल धरतो, कडेला वळतो, मशीनमध्ये अडकतो आणि टोनर नीट बसत नाही, अक्षरं पुसट येतात, म्हणून तो बल्ब लावलेल्या कपाटात कागद ठेवतो आणि लागेल तेवढाच बाहेर काढतो. मला ही टीका एकदम रास्त वाटली. शोध लागतो कसा हे लेखक झकास सांगतो, पण ते मशीन बाहेर पडून माणसांच्या हातात गेल्यावर काय होतं त्यात त्याला फार रस नाही.

आता मुद्द्यावर येतो. लेझर प्रिंटर झेरॉक्सने टाकून दिला नाही. १९७७ मध्ये ९७०० नावाने बाजारात आणला, मिनिटाला १२० पानं छापायचा, आणि त्यातून इतका पैसा आला की पार्कवर झालेला सगळा खर्च कितीतरी पटीने वसूल झाला. म्हणजे कंपनीला जे कळत होतं, कागदावर छापणं, ते तिने विकून दाखवलं. कॉम्प्युटर विकणं तिला कळत नव्हतं. विक्री करणारी माणसं कॉपीमागे पैसे लावायची सवय झालेली, हेडऑफिस कनेक्टिकटमध्ये स्टॅमफर्डला, कारखाने-लॅब वेबस्टरकडे, टाइपरायटरवाले टेक्सासात डॅलसला, आणि पार्क देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यात सरकारने मक्तेदारीचा खटला भरलेला, १९७५ मध्ये तडजोड होऊन पेटंट दुसऱ्यांना वापरायला द्यावी लागली, तिकडून जपानी कंपन्या स्वस्त मशीन घेऊन आल्या. अशा वेळी वरच्या साहेबांचं लक्ष पालो आल्टोच्या पोरांकडे किती असणार? मूर्ख म्हणणं सोपं आहे हो, पण त्या खुर्चीत बसून बघा.

एक चूक मात्र त्यांची खरीच आणि ती पुस्तकात फार छान आलीये. नोव्हेंबर १९७७ मध्ये फ्लोरिडात बोका रॅटनला कंपनीची मोठी परिषद भरली, तिथे पार्कच्या लोकांनी आल्टो नेऊन मांडले. साहेब लोक हात मागे बांधून लांब उभे, आणि त्यांच्या बायका, ज्यांच्यातल्या बऱ्याचजणींनी आधी सेक्रेटरीचं काम केलेलं, त्या सरळ खुर्चीत बसून टाइप करायला लागल्या, माउस फिरवायला लागल्या. ज्यांनी आयुष्यात कधी स्वतः पत्र टाइप केलं नाही त्यांना त्या मशीनची किंमत कशी कळणार. पुढे स्टार नावाने बाजारात आणलं ते १९८१ मध्ये, १६,५९५ डॉलरला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयबीएमचा पीसी १,५६५ पासून. संपलं तिथेच.

इथरनेटच्या प्रकरणावर आमच्यातले टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले काका फिदा आहेत, आणि त्यांनी ते मिरकरवाड्याच्या एका तांडेलाला ज्या पद्धतीने समजावलं ते पुस्तकातल्यापेक्षा सोपं होतं. समुद्रावर सगळ्या बोटी वायरलेसच्या एकाच चॅनेलवर, दोघे एकदम बोलले की कोणाचंच कळत नाही, मग दोघंही थांबतात, थोडं मागेपुढे होऊन परत बोलतात, काम होतं. पार्कच्या बॉब मेटकाफने मे १९७३ मध्ये जो मेमो लिहिला त्यातली कल्पना हीच, आणि तिचं मूळही हवाई बेटांमधल्या रेडिओच्या अलोहानेटमध्येच, फक्त इथे हवेऐवजी केबल, आणि बोलायच्या आधी लाइन मोकळी आहे का ते ऐकायचं. तांडेल म्हणाला, "ह्यात नवीन काय, आमी रोज करतो." काका खूष!

तक्रारी आहेत. नावं प्रचंड आहेत, सुरुवातीला पात्रांची यादी दिलीये तिथे बोट ठेवूनच वाचावं लागतं, थॅकर कोण, लॅम्पसन कोण, मॅक्रेट कोण, अर्ध्यापर्यंत गोंधळ होतो. काळ मागेपुढे उड्या मारतो. शेवटचा भाग, टेलरचं वरच्यांशी वाजलं आणि १९८३ मध्ये तो बाहेर पडला तो, फारच ताणलाय, ऑफिसातली भांडणं वाचून कंटाळा येतो. उलट चार्ल्स सिमोनी तिथला टायपिंगचा प्रोग्राम डोक्यात घेऊन मायक्रोसॉफ्टला गेला आणि तिथे वर्ड बनवण्यात पुढे होता, किंवा वॉरनॉक आणि गेश्की यांनी १९८२ मध्ये बाहेर पडून पीडीएफवाली अडोबी कंपनी काढली, यावर मला अजून पानं हवी होती. आज दुकानात पीडीएफ घेऊन जाणारा प्रत्येक माणूस त्यांचंच काम खिशात घेऊन जातो.

आमच्यातल्या एक बाई, शाळेत गणित शिकवतात, त्यांचा आक्षेप वेगळा आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लिन कॉन्वे. चिपवर हजारो सर्किट कशी मांडायची याची शिकता येईल अशी पद्धत तिने कार्व्हर मीडबरोबर बसवली, कॉलेजातली पोरं स्वतः चिप डिझाइन करायला लागली ती त्यामुळे. पुस्तकात तिच्या कामाचा भाग चांगला आहे, पण ती पार्कला येण्याआधी कुठून आली ते कळत नाही. तिला आयबीएमने १९६८ मध्ये काढून टाकलं होतं, कारण ती पुरुषाची स्त्री होत होती, आणि माफी मागितली ती थेट २०२० मध्ये. ही गोष्ट पुस्तक आल्यानंतर जगासमोर आली, त्यामुळे लेखकाला दोष नाही, पण आज वाचणाऱ्याने ते प्रकरण झाल्यावर तिच्याबद्दल वेगळं शोधून वाचावंच. बाईंनी दहावीच्या मुलींना सांगितलं, त्यातल्या दोघी आता पुस्तक मागतायत.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो शेवटच्या भांडणांसाठी. ज्यांना कॉम्प्युटरची आवड आहे त्यांनी सुरुवातीपासून वाचा, बाकीच्यांनी आधी स्टार्कवेदरचं प्रकरण, मग आल्टो बनवणाऱ्या थॅकरने तीन महिन्यांत मशीन बनवतो म्हणून दारूच्या खोक्याची पैज लावली ते, आणि मग सरळ शेवटचं प्रकरण, आवडलं तर परत पहिल्या पानावर जा. माझी प्रत सध्या झेरॉक्सवाल्या दादाकडे आहे, त्याच्यानंतर बाईंच्या मुलींचा नंबर, त्यामुळे ज्यांना हवी असेल त्यांनी गणपतीनंतर विचारा, आणि नेताना प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या, बाइंडिंग आधीच सुटायला आलंय.