आयपॅडचा बॅकअप: रोजसाठी आयक्लाउड, अपडेटआधी मात्र केबल

आयक्लाउड म्हणजे ॲपलची ऑनलाइन साठवण. तिच्यावरचा बॅकअप एकदा सुरू केला की रोजची कटकट मिटते. आयपॅड चार्जिंगला लावलेला, लॉक केलेला आणि वाय-फायवर असला की काम आपोआप होतं. अडचण जागेची. फुकट मिळतात ५ जीबी, आणि ते भरले की बॅकअप थांबतो. तशी सूचना येते, पण ती बाजूला सारली की महिनोन्‌महिने नवा बॅकअप होतच नाही. म्हणून सेटिंग्जमध्ये स्वतःच्या नावावर टॅप करून आयक्लाउड आणि पुढे आयक्लाउड बॅकअप उघडा. 'बॅक अप नाऊ'च्या खाली शेवटच्या बॅकअपची वेळ बारीक अक्षरांत दिसते. ती जुनी असेल तर अपडेटला हात लावू नका.

आयक्लाउड फोटोज चालू असेल तर फोटो या बॅकअपमध्ये नसतात, ते फक्त सिंक होतात. आयपॅडवर फोटो उडवला की सगळीकडून उडतो. फोटोंची वेगळी प्रत हवीच.

मोठ्या अपडेटआधी केबल लावून कॉम्प्युटरवर घेतलेला बॅकअप मला कितीतरी जास्त भरवशाचा वाटतो. मॅकवर तो फाइंडरमधून होतो, विंडोजवर ॲपल डिव्हायसेस किंवा आयट्यून्समधून. 'एन्क्रिप्ट लोकल बॅकअप'वर, म्हणजे बॅकअपला पासवर्डचं कुलूप लावण्याच्या पर्यायावर, खूण करायला विसरू नका. ती नसेल तर सेव्ह केलेले पासवर्ड, वाय-फाय सेटिंग्ज आणि हेल्थचा डेटा बॅकअपमध्ये येत नाही. मात्र या बॅकअपचा पासवर्ड विसरलात तर तो उघडण्याचा मार्ग ॲपलकडेही नाही. लगेच लिहून ठेवा.

या सोयीतली खरी उणीव म्हणजे पुढचा बॅकअप आधीच्यावरच लिहिला जातो. अपडेटनंतर एखाद्या ॲपचा डेटा बिघडला आणि त्यानंतर केबल लावून पुन्हा बॅकअप घेतला, तर चांगली प्रत गेलीच म्हणून समजा. मॅकवर 'मॅनेज बॅकअप्स' उघडून त्या बॅकअपवर राइट क्लिक करा आणि 'अर्काइव्ह' निवडा, म्हणजे ती प्रत तशीच राहते. विंडोजवर मोबाइलसिंक नावाच्या फोल्डरमधलं अख्खं बॅकअप फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. आतल्या फाइलींना धक्का लावू नका, त्यांची नावंही बदलू नका. बॅकअप मुख्य ड्राइव्हवरच साठतो आणि जागा बदलायचं सेटिंग दिलेलं नाही. लहान एसएसडीवाल्यांना हे फार जाचतं.

आयपॅडमध्ये जागा कमी असेल तर अपडेटही केबलनेच करा. फाइल कॉम्प्युटरवर उतरते, त्यामुळे आयपॅडमध्ये कमी जागा लागते. मध्येच अडकून रिकव्हरी मोडचा, म्हणजे सिस्टिम दुरुस्तीचा, स्क्रीन आला तर कॉम्प्युटरवर 'रिस्टोअर' नको, आधी 'अपडेट' निवडा. त्याने सिस्टिम पुन्हा बसते, डेटा तसाच राहतो. डाउनलोडला १५ मिनिटांपेक्षा जास्त लागली तर आयपॅड रिकव्हरीतून बाहेर पडतो. घाबरू नका, डाउनलोड पूर्ण होऊ द्या. मग होम बटण नसलेल्या आयपॅडवर व्हॉल्यूमचं टॉप बटणाजवळचं बटण दाबून सोडा, दुसरं दाबून सोडा, आणि रिकव्हरीचा स्क्रीन परत येईपर्यंत टॉप बटण दाबून धरा.